सनदींच्या दुकानातला कॅमेरा

खडेबाजारात, घड्याळांच्या पट्ट्यांमागे,
काचेच्या कपाटात तो बसला होता
साबणाच्या वडीएवढा.
बॅटरीच्या झाकणाला रबरबँड,
पडद्यावर कुणाच्या तरी किल्ल्यांचे ओरखडे.

"एष्टु?" मी मुद्दाम कन्नडात विचारलं,
कन्नडात भाव थोडा उतरतो असा माझा समज.
"एरडु साविरद इन्नूरु," सनदी म्हणाले,
आणि हसले,
"बावीसशेच होतात, अक्का, कुठल्याबी भाषेत."

धाकटा दीर म्हणाला होता, वेड लागलंय काय वहिनी,
तुझ्या फोनला चार डोळे आहेत.
आहेत की.
आणि त्या चारही डोळ्यांना मला खूश करायचंय.
वडगावात, आमच्या मागाच्या खोलीत
आमसुली साडी समोर धरली
की तो तिची डाळिंबी करतो,
न विचारता,
लग्नातल्या मेकअपवालीसारखा.
गेल्या महिन्यात इचलकरंजीहून बारा साड्या परत आल्या.
सोबत चिठ्ठी: फोटोतल्या पाठवा.
फोटोतल्या कुठून पाठवू?
त्या विणल्याच नाहीत कुणी.

पिशवीतून साडी काढली, दुकानाच्या पायरीवर पसरली.
बटण दाबलं. भिंग बाहेर आलं
गोगलगाईच्या शिंगासारखं, कुरकुरत,
आणि आधी पडद्यावर प्रश्न: भाषा निवडा.
जपानी, तुर्की, पोर्तुगीज, फिनिश,
मी खाली खाली गेले.
मराठी नाही.
कन्नडही नाही.
"बरं झालं," सनदी म्हणाले,
"एवढ्या एका वस्तूवरून तरी भांडण नको."

फोटो आला.
खरं सांगायचं तर खरा नव्हता.
आमसुलीत कुठूनसं निळं उतरलं होतं,
पाण्यात नीळ जास्त पडावी तसं.
मी खट्टू झाले. जुनं म्हणजे प्रामाणिक,
हे मला कुणी सांगितलं होतं?
पुन्हा काढला.
मग सनदींच्या टोपीचा.
मग हातगाडीवरच्या केळ्यांचा, गाडीवाला म्हणाला, घेणार काय नुसतंच बघणार?
दर वेळी निळं. दर वेळी तेवढंच.

तेव्हा आमचा तीन नंबरचा माग आठवला.
डावा काठ ओढतो, सासऱ्यांच्या वेळेपासून.
कुणी दुरुस्त केला नाही.
बसणारा बसल्या बसल्या उजवीकडे ताण देतो
आणि कापड सरळ उतरतं.
चूक एकाच जागी थांबणार असेल
तर तिच्याशी संसार करता येतो.
फोन रात्रीतून नवी चूक शिकून येतो,
सकाळी म्हणतो, मी सुधारलो.

सनदींनी सगळं सांगितलं, लपवलं नाही.
बॅटरी हुबळीची, नकली.
कार्ड दोन जीबीचं, जपा, मिळत नाही.
भिंग अडकलं तर? "रविवार पेठेत एकजण होता."
"होता?"
"होता."
साडेसतराशेला तुटलं. वर चेन बिघडलेली एक थैली.

संध्याकाळी भाच्याच्या कॉम्प्युटरवरून
पहिला फोटो इचलकरंजीला गेला.
कोपऱ्यात नारिंगी आकडे:
१ जानेवारी २००८.
तारीख लावून बघितली, पण बॅटरी काढली
की तो परत त्याच दिवशी जाऊन बसतो.
काय होतं त्या दिवशी? मला तर काही आठवत नाही.

उलट निरोप आला: जुना स्टॉक आहे काय?
मी लिहिलं,
साडी काल मागावरून उतरली. तारखेकडे बघू नका.
रंग दिसतो त्याहून थोडा लालसर धरा.
बराच वेळ काही नाही.
मग: थोडा म्हणजे किती?

पाकीट शोधलं.
कांडीवरचं चार बोटं सूत कापलं,
आत टाकलं.